अवधानाचा नैवेद्य

श्रोतेहो, ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी माउली आपल्यापाशी काय मागतात? द्रव्य नाही, मान नाही. केवळ अवधान मागतात. 'धा' म्हणजे ठेवणे, या धातूचा हा शब्द. मन एके ठायी नेऊन ठेवणे, ते अवधान. आज आम्ही ते ठेवतो कोठे? खिशातल्या मोबाइलात!

दुसऱ्यास सांगण्याआधी आपलाच दोष सांगतो. बोईसरास कीर्तन झाले. तारापूरच्या कारखान्यात पाळी करणारा एक कामगार पाया पडून काही सांगू लागला. मी मात्र कीर्तनाचे चित्रण किती जणांनी पाहिले ते मोबाइलात मोजीत होतो. "पांडुरंग बरे करील," म्हणून त्याला वाटेस लावले. पालघरला गाडीतून उतरताना आठवू लागलो, तो सांगत काय होता? बायकोचे दुखणे, की नोकरी गेली? काही केल्या आठवेना. मुखी हरिनाम आणि कान बहिरे!

पुढे सिमोन वेल या फ्रेंच बाईंचे चरित्र वाचनात आले. जन्म १९०९, मृत्यू १९४३. १९३४-३५ साली त्यांनी मुद्दाम कारखान्यात मजुरी केली. गीता मुळातून वाचावी म्हणून संस्कृत शिकल्या. १९४१ साली ख्रिस्ताने शिकविलेली प्रार्थना ग्रीक भाषेत पाठ केली आणि रोज म्हणण्याचा नेम धरला. म्हणताना मन जरा ढळले की पुन्हा पहिल्यापासून आरंभ! त्यांचा सिद्धान्त असा की, निर्भेळ अवधान हीच प्रार्थना. आणि दुःखितास 'तुला काय होते आहे?' असे मनापासून विचारता येणे हेच शेजाऱ्यावरचे प्रेम.

येथे कोणी शंका घेईल, "बुवा, परक्यांचे कशाला?" समाधान ऐका. आपल्याच जिल्ह्यात वसईकडे ख्रिस्ती घरांतून जपमाळेची प्रार्थना मराठीत चालते. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगात गायिली. त्यांनी आपला अभंग घेतला. आपण त्यांचे अवधान घेतले तर बिघडले कोठे? शिवाय वस्तू आपलीच आहे. विक्षेप आणि रसास्वाद ही विघ्ने वेदान्ताने सांगितलीच आहेत. मन इकडेतिकडे फेकले जाणे हा विक्षेप. अर्ध्या वाटेवरच्या गोडीत अडकणे हा रसास्वाद. माझी ती मोजदाद दुसरे काय होती?

म्हणून साधन सांगतो. हरिपाठाला बसताना मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा. मन सुटले तर स्वतःवर चिडू नये. तो अभंग पुन्हा आरंभावा. आणि दिवसातून एका तरी माणसाचे बोलणे शेवटपर्यंत ऐकावे. पहिल्या दोहोंची परीक्षा या तिसऱ्यात आहे.

तो कामगार पुन्हा भेटला, तर आधी विचारीन, "दादा, त्या दिवशी काय सांगत होता?" तेवढे कीर्तन माझ्याकडे बाकी आहे.

रामकृष्णहरी.