लाल पेन्सिलीची रेघ

"नेव्हिगेटरने वळणाची सूचना वेळेत दिली नाही." माझ्या नोकरीच्या कागदपत्रांत हे एक वाक्य आहे. नव्वदच्या दशकात ते लिहिलं गेलं, मी निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली, पण ते वाक्य तिथेच आहे. ते खोटं आहे. आज हे लिहितोय ते आधी एवढं सांगण्यासाठी, आणि मग वाहतुकीच्या विमानांवर नव्याने रुजू होणाऱ्या मुलामुलींसाठी. खडकवासल्याहून किंवा साताऱ्याच्या सैनिक शाळेतून निघालेलं कोणी ना कोणी आजही ईशान्येतल्या एखाद्या तळावर पहाटे चारला उठून नकाशा उलगडत असेल. त्याने हे वाचावं.

ऑक्टोबरातली सकाळ होती. एएन-३२, पोटात शिधा आणि रॉकेल, आम्ही पाच जण आणि माल ढकलणारे तिघे. अरुणाचलात सियोमला मिळणाऱ्या एका नदीच्या दरीतून वर जायचं, चौकीवर माल टाकायचा आणि त्याच वाटेने परत यायचं. आदल्या रात्री मी अडीच लाखांच्या नकाशावर दरी मापली होती. त्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर अडीच किलोमीटर. एका वाकणाच्या पुढे, आमच्या उंचीवर, दरीची रुंदी आठ मिलिमीटर भरली. म्हणजे दोन किलोमीटर. त्या वाकणाच्या अलीकडे मी लाल पेन्सिलीने आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं : समोरची खिंड स्वच्छ दिसत नसेल तर इथून मागे.

ही रेघ अंदाजाने मारलेली नव्हती. वेगाच्या घड्याळात ताशी ३०० किलोमीटर दिसत असले, तरी दहा हजार फुटांवरच्या विरळ हवेत विमान खरं साडेतीनशेने धावत असतं. त्या वेगाला तीस अंशांच्या कलाने पूर्ण उलटं वळायचं तर या कड्यापासून त्या कड्यापर्यंत ३.३ किलोमीटर जागा लागते. समुद्रसपाटीला तेच वळण अडीच किलोमीटरच्या आत बसतं. पंचेचाळीस अंशांचा कल दिला तर दहा हजार फुटांवरही १.९ किलोमीटरमध्ये वळता येतं, पण मग पंखांवरचा भार १.४ पट होतो आणि विमान ज्या वेगाला हवेतून सुटतं तो वेग १९ टक्क्यांनी वर येतो. रेघेच्या पलीकडे शांतपणे वळायला जागाच नव्हती. माझ्यासाठी ती काळ्या दगडावरची रेघ होती. ब्रीफिंगमध्ये मी ती दाखवली. कॅप्टन माझ्याहून बरेच वरिष्ठ, त्या दऱ्यांत शेकडो तास उडालेले. त्यांनी मान डोलावली.

०७:४१ला आम्ही रेघेवर होतो. समोर खिंड नव्हती, पांढरा पडदा होता. मी इंटरकॉमवर म्हणालो, "सर, रेघेवर आहोत. टर्न लेफ्ट, नाऊ." उत्तर आलं नाही. मी पुन्हा तेच म्हणालो. या वेळी उत्तर आलं, "काल इथूनच गेलो होतो. दोन मिनिटं थांब."

दोन मिनिटं. त्या वेगाला दोन मिनिटं म्हणजे अकरा किलोमीटरहून जास्त. हे मी बोललो नाही, कारण दोनदा बोलून झालं होतं आणि मी फ्लाइट लेफ्टनंट होतो. माझी चूक असेल तर ती हीच, तिसऱ्यांदा न बोलण्याची. ती मी मान्य करतो. पण कागदावर ही चूक लिहिलेली नाही. कागदावर लिहिलंय की मी वेळेत बोललोच नाही.

खरं भान आलं ते नदीकडे पाहून. माझ्या जागेला डाव्या अंगाला फुगीर खिडकी असते, तिच्यातून खाली नदी दिसत होती. थोड्या वेळापूर्वी ती पांढऱ्या दोऱ्यासारखी होती. आता पाण्यातले दगड वेगवेगळे मोजता येत होते. आम्ही खाली उतरलो नव्हतो, उंची तीच होती. दरीचा तळ वर येत होता. डोक्यावर ढग आणि पायाखाली चढती जमीन यांच्यामधली फट पुढे पुढे मिटत चालली होती. फ्लाइट इंजिनिअरने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. को-पायलट सरळ समोर बघत होता, काही बोलत नव्हता.

आणि तेव्हा कॅप्टननी विचारलं, "कुठे वळायचं?"

हा प्रश्न मी आजवर विसरलेलो नाही. जिथे वळायचं ती जागा मी दोनदा सांगून मागे पडली होती. मी नकाशा पाहिला. डावीकडून एक ओहोळ येऊन मिळत होता, त्याच्या तोंडाशी कड्याला खाच होती. आदल्या रात्री माझी पेन्सिल त्या खाचेवरून गेली होती म्हणून ती मला आठवली. "डावीकडे, ओहोळाच्या खाचेत. पूर्ण ताकद. आत्ता." पुढचं अर्ध मिनिट विमान थरथरत होतं. माझ्या खिडकीत आकाश राहिलं नाही, फक्त झाडं होती. फांदी आणि पान वेगळं ओळखू येईल इतकी जवळ. मग झाडं हळूहळू खाली गेली, नदी पुन्हा दिसली, आणि या वेळी ती आमच्याच दिशेने वाहत होती.

उतरल्यावर कॅप्टन माझ्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी कळलं की अहवालात ढग 'अचानक' आले आणि सूचना उशिरा मिळाली असं लिहिलं गेलंय. चोराच्या उलट्या बोंबा. माझ्या लॉगमध्ये ०७:४१ची नोंद होती, तिच्यापुढे 'दोनदा सांगितलं' असं लिहिलेलं होतं. कॉकपिटमधला रेकॉर्डर ऐका, अशी विनंती मी केली. विमान दुसऱ्या सकाळी पुन्हा उडालं आणि ते बोलणं पुसलं गेलं. विमान शाबूत होतं, माणसं जिवंत होती, मग प्रकरण वाढवायचं कशाला, असं मला सांगण्यात आलं. आठ जण वाचले ते नकाशा नीट पाहिला होता म्हणून, आणि ठपका नकाशा पाहणाऱ्यावर आला.

आता जे सांगायचं ते.

परतीची रेघ जमिनीवरच ठरवा आणि ब्रीफिंगमध्ये कॅप्टनच्या तोंडून ती वदवून घ्या. मान डोलावणं पुरेसं नाही. "या रेघेवर खिंड दिसली नाही तर मी डावीकडे वळणार," हे वाक्य त्याने स्वतः म्हणायला हवं, सगळ्यांसमोर. हवेत त्या रेघेवर चर्चा नाही.

दरीची रुंदी नदीपाशी मापू नका, तुमच्या उंचीच्या समोच्च रेषेवर मापा. वळणाला लागणारी जागा खऱ्या वेगाने काढा, घड्याळातल्या वेगाने नाही. दहा हजार फुटांवर ती जवळजवळ पस्तीस टक्क्यांनी वाढते, आणि हा हिशेब करायला दोन मिनिटंही लागत नाहीत. दरीच्या मधून उडू नका. मधून उडालात की अर्धी रुंदी तुम्ही आधीच गमावलेली असते. ज्या उतारावर वारा आदळून वर चढतो त्या बाजूने उडा. हवा उचलून धरते, आणि वळताना वाऱ्याच्या तोंडावर वळता येतं, म्हणजे वळण लहान होतं. कडा ओलांडायचाच असेल तर सरळ अंगावर जाऊ नका, तिरकं जा, म्हणजे शेवटच्या क्षणी थोडंसं वळून सुटता येतं.

रेडिओ अल्टिमीटरवर विसंबू नका. तो पोटाखालची जमीन सांगतो, नाकासमोरचा डोंगर सांगत नाही.

चुकून ढगात शिरलात तर पंख सरळ, पूर्ण ताकद, आणि आधीच लिहून ठेवलेल्या दिशेने सुरक्षित उंचीपर्यंत चढाई. ती उंची प्रत्येक टप्प्यासाठी वेगळी काढा : दोन्ही बाजूंच्या पट्ट्यातला सर्वात उंच डोंगर, अधिक दोन हजार फूट. पण इथे बरेच जण फसतात. उंची कागदावर लिहिली म्हणजे विमान तिथे पोचतं असं नाही. समोर बारा किलोमीटरवर चार हजार फूट उंच भिंत असेल, तर ताशी साडेतीनशेने तुमच्याकडे दोन मिनिटं आहेत आणि मिनिटाला दोन हजार फूट चढावं लागेल. भरलेल्या विमानाकडून त्या हवेत ही अपेक्षा धरू नका. चढाई जमत नसेल, तर तुमची लाल रेघ आणखी अलीकडे आली असं समजा.

एक इंजिन गेलं तर काय करायचं, हे दरीत शिरण्याआधी प्रत्येक वाकणासाठी लिहून ठेवा. त्या उंचीवर, तेवढ्या वजनाला, एका इंजिनावर विमान उंची धरेलच असं समजू नका. धरली नाही तर ते हळूहळू उतरत राहतं. म्हणून उतरत जाणारी वाट हवी, आणि डोंगरात ती वाट नदी दाखवते. पाणी जिकडे वाहतं तिकडे वळा. सियोम पांगिनला सियांगला मिळते, सियांग पासीघाटला मैदानात उतरते. आमच्या पिढीने हा क्रम पाठ केला होता. तुमच्या भागातल्या नद्यांचा क्रम तुम्ही पाठ करा. माल फेकायची वेळ आली तर कोणता दोर आधी सुटणार, मागचा रॅम्प कोण उघडणार, हे मागच्या माणसांना जमिनीवरच दाखवा. गडबडीत आधी विमान सांभाळा, मग दिशा, आणि रेडिओ सर्वात शेवटी. हे सगळे सांगतात, तरी मीही सांगतो.

हवामानाचा अंदाज घ्या, झोप पुरेशी घ्या, कालच्या अनुभवावर आजचं उड्डाण करू नका. कालची दरी कालच संपली.

दरीत शिरण्यापूर्वी शेवटची जागा आणि वेळ रेडिओवर सांगा, आणि शोधयंत्रणेचा बीकन कोणत्या फ्रिक्वेन्सीचा आहे ते स्वतः तपासा. १२१.५ मेगाहर्ट्झचे संकेत उपग्रहांनी १ फेब्रुवारी २००९पासून ऐकणं बंद केलंय. आता ४०६ लागतो. ३ जून २०१९ला जोरहाटहून मेचुकाला निघालेलं एएन-३२ हरवलं, तेव्हा ११ जूनपर्यंत अवशेष दिसले नव्हते. ते लिपोच्या उत्तरेला, सुमारे बारा हजार फुटांवर सापडले. तेरा जण गेले. त्याच्या दहा वर्षं आधी, जून २००९मध्ये, मेचुकाहून परतणाऱ्या एएन-३२मध्येही तेराच जण गेले होते. २०१९मधले ते आठ दिवस मी टीव्हीसमोरून उठलो नाही. पडद्यावर हिरवे डोंगर दाखवत होते आणि मला माझ्या खिडकीतली झाडं दिसत होती.

त्याच आठवड्यात फोन आला. त्या सकाळचा को-पायलट. इतक्या वर्षांत एकदाही बोलणं नव्हतं. थोडा वेळ हवामानाचं, मुलाबाळांचं बोलला. मग म्हणाला, "सर, तुम्ही दोनदा सांगितलं होतं. मी ऐकलं होतं."

मी त्याला "असू दे" म्हणू शकलो नाही. आजही म्हणू शकत नाही. त्याचे हात कंट्रोलवर होते, माझ्या हातात फक्त पेन्सिल होती. म्हणून उजव्या सीटवर बसणाऱ्या प्रत्येकाला सांगतो : नेव्हिगेटरचं दुसरं "नाऊ" ऐकू आलं आणि कॅप्टन गप्प असेल, तर तिसरं तुम्ही म्हणा, मोठ्याने. आणि उतरल्यावर जे ऐकलं ते त्याच दिवशी, सही करून, लिहून द्या. मला ते वाक्य मिळालं, पण कागदपत्रांत त्याला आता जागा नाही.