फवारणीसाठी संरक्षक पोशाख : विद्यार्थ्यांपुढील एक प्रकल्प

२०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. विष श्वासावाटे तसेच त्वचेतूनही शरीरात भिनते. संरक्षक पोशाख मिळतात. परंतु उकाड्यामुळे ते अंगावर टिकत नाहीत.

तंत्रनिकेतनातील विद्यार्थ्यांच्या गटाने आराखड्यापूर्वी एक प्रयोग करावा. नव्या पंपात केवळ रंगीत पाणी भरून, पांढरे कपडे घालून उंच कपाशीत फवारणी करावी. जेथे डाग दाट पडतील तेथे, तसेच पंपाखालील पाठीवर, अभेद्य कापड लावावे. अन्यत्र घट्ट विणीचे सुती कापड वापरावे. ग्रामपंचायतीने शेत व अनुभवी मजूर उपलब्ध करून द्यावेत. मजूर जो पोशाख दिवसभर अंगावर ठेवील, तोच यशस्वी मानावा.