परमुलखातील विद्यार्थी

जळगावच्या शेजारचे असोदा हे गाव कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे माहेर होय. १८८० साली त्यांचा येथे जन्म झाला. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. परंतु दळताना, कांडताना, शेतात राबताना त्यांच्या ओठी आपोआप गाणी येत. त्यांचे पुत्र कवी सोपानदेव आणि आप्त पितांबर चौधरी यांनी त्यांतील काही गाणी टिपून ठेवली. म्हणूनच बहिणाबाईंच्या निधनानंतर, १९५२ साली, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती महाराष्ट्रापुढे आली. जी कोणी टिपली नाहीत, ती मात्र जात्याच्या घरघरीबरोबरच विरून गेली.

गाणाऱ्याइतकेच ऐकणाऱ्यालाही मोल असते, ते असे. बहिणाबाईंना ऐकणारे घरचेच होते. पण कधी कधी असा ऐकणारा फार दुरून येतो.

विद्यार्थिमित्रांनो, अशी कल्पना करा की, वीस वर्षांची एक परदेशी विद्यार्थिनी आखाजीच्या सुमारास असोद्यास आली आहे. आखाजीला खानदेशातील लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात आणि झोक्यावर गाणी म्हणतात. ही गाणी गोळा करून त्यांवर एक निबंध लिहावा, असा तिचा संकल्प आहे. तिने हे काम कसे करावे?

ही कल्पना अगदीच निराधार नाही. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील काही महाविद्यालयांनी एकत्र येऊन १९६९ साली पुण्यात भारताच्या अभ्यासाचा एक उपक्रम सुरू केला. पुढे अनेक वर्षे तेथील तरुण विद्यार्थी पदवी घेण्यापूर्वीच पुण्यास येत राहिले. ते मराठी शिकत, मराठी कुटुंबांत राहत आणि प्रत्येक जण स्वतः निवडलेल्या एका विषयाचा शोध घेत असे. अशा अभ्यासाला नेमलेले पुस्तक नसते. प्रश्न आपणच शोधावयाचा आणि उत्तरासाठी दारोदार आपणच हिंडावयाचे.

आपल्याकडील विद्यार्थ्यांनीही परदेशी जाऊन असे कार्य केले आहे. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस गेल्या. १८८६ साली फिलाडेल्फिया येथे वैद्यकाची पदवी घेताना त्यांनी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना ९ मे १९१६ रोजी त्यांनी तेथील अभ्यासवर्गात भारतातील जातींविषयी निबंध वाचला. दोघेही शिकावयास गेले होते. पण जाताना आपल्या देशाचा प्रश्न बरोबर घेऊन गेले. परमुलखातील विद्यार्थी केवळ घेणारा नसतो, देणाराही असतो.

आता पुन्हा आपल्या पाहुणीकडे वळू. पुस्तकातून शिकलेली मराठी घेऊन ती एखाद्या आजीबाईंकडे गेली आणि तिने विचारले, “आजी, जाते कोठे आहे?” आजीबाईंनी तिला घरोट दाखविला. येथेच तिचा पहिला धडा सुरू होतो. वस्तू तीच, पण शब्द निराळा. या शब्दाला अशुद्ध समजून तिने वहीत ‘जाते’ असे लिहिले, तर गाण्याचा ठेका मोडेल आणि त्यातील माणूसही हरवेल. म्हणून बोली जशी कानी पडेल, तशीच लिहावी.

दुसरा धडा धीराचा आहे. चुलीवर भाकरी असताना कोणी गाणे म्हणून दाखवीत नाही. तिने आपणहून शेंगा सोलावयास बसावे, पाणी भरू लागावे. हात कामात गुंतले म्हणजे गाणे आपोआप ओठी येते. गाणे कोणी म्हटले, ते कोणाकडून शिकले, कोणत्या प्रसंगी म्हणतात, हेही तिने नोंदवावे. शेजारच्या घरी तेच गाणे थोडे वेगळे ऐकू आले, तर एक खरे आणि दुसरे खोटे असे ठरवू नये. दोन्ही लिहून घ्यावीत.

तिसरा धडा सर्वांत कठीण आहे. सासरचे दुःख सांगणारे एखादे गाणे म्हणता म्हणता आजीबाईंचा कंठ दाटून येईल आणि त्या म्हणतील, “हे लिहू नको, पोरी.” ते गाणे कदाचित सर्वांहून सुंदर असेल, त्यावाचून निबंध अपुरा राहील. तरीही लेखणी तेथेच थांबली पाहिजे. गाणे जिचे आहे, तिच्या परवानगीवाचून ते उचलणे म्हणजे ज्या घरात पाहुणचार घेतला, त्याच घरात चोरी करणे होय.

आणि निबंध पुरा झाल्यावर? त्यात आजीबाईंची इच्छा असेल तर त्यांचे नाव असावे आणि त्याची एक प्रत गावात परत यावी. मॅक्सीन बर्नसन या अमेरिकन विदुषीचे उदाहरण येथे आठवते. त्या पुण्याच्या उपक्रमातील विद्यार्थ्यांहून वयाने आणि अभ्यासाने मोठ्या होत्या. फलटणच्या लोकांची बोली हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता. संशोधन आटोपल्यावर त्या फलटणला विसरल्या नाहीत. १९७८ साली त्यांनी भारताचे नागरिकत्व स्वीकारले आणि फलटणच्या मुलांसाठी शिक्षणसंस्था उभारली. ज्या गावाने त्यांना ज्ञान दिले, त्या गावाचे ऋण त्यांनी असे फेडले. सर्वांना एवढे करता येणार नाही. पण ऋण आहे, एवढे तरी प्रत्येकाने मानावे.

मुलांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी शिकण्यासाठी परदेशी जाईल. तेथील एखाद्या वृद्धेच्या दारात तुम्हीही वही घेऊन उभे राहाल. तेव्हा हे तीन धडे आठवा. पण त्यासाठी परदेशगमनाची वाट पाहण्याचे कारण नाही. तुमच्याच आळीत, कदाचित तुमच्याच घरात, एखादी आजी असेल, जिची गाणी अजून कोणी टिपलेली नाहीत. दुरून येणारी पाहुणी कदाचित येईल, कदाचित येणारही नाही. तुम्ही मात्र येथेच आहात.

अभ्यास

१. आनंदीबाई जोशी व डॉ. आंबेडकर यांच्या उदाहरणांवरून लेखकाने काय दाखविले आहे?
२. “लेखणी तेथेच थांबली पाहिजे” असे लेखक का म्हणतो? तुमचे मत लिहा.
३. घरातील किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या व्यक्तीची परवानगी घेऊन तिच्या तोंडून एक गाणे ऐका व तिच्याच बोलीत लिहून काढा. ते पूर्ण झाल्यावर तिला वाचून दाखवा.