पदवी माँट्रियलची, परवाना कॅल्गरीचा

माझी भाची क्वेबेकमधील माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातून स्थापत्य शाखेची पदवी घेऊन अल्बर्टा प्रांतातील कॅल्गरीत नोकरी करते; अभियंत्याच्या परवान्याबाबत तिच्यासाठी हे चार शब्द.

अभियांत्रिकीची पदवी हाती पडली की माणूस इंजिनिअर झाला, ही महाराष्ट्रात घरोघरी रुजलेली समजूत कॅनडात पहिल्याच नोकरीत अडचणीची ठरते. भारतात वकील किंवा डॉक्टर यांच्या व्यवसायासाठी जसा केंद्रीय कायदा आहे तसा अभियंत्यांसाठी नाही. महानगरपालिका इमारतींच्या कामासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरला परवाना देते, इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स ही संस्था ‘चार्टर्ड इंजिनिअर’ हा दर्जा देते, पण बी. ई. झालेल्याने दारावरच्या पाटीत नावापुढे ‘इंजिनिअर’ लिहिले तर त्याला कोणी जाब विचारत नाही. कॅनडात ही उपाधी कायद्याने राखून ठेवलेली आहे, आणि परवान्याशिवाय ती व्हिजिटिंग कार्डावर किंवा ईमेलच्या सहीखाली लावणे हा नियमभंग होतो. अल्बर्टाने २०२३ मध्ये सॉफ्टवेअर इंजिनिअरांपुरती त्यात सूट दिली, परंतु स्थापत्य शाखेच्या पदवीधराला त्या सवलतीचा काही उपयोग नाही.

दुसऱ्या प्रांतात शिक्षण झाले म्हणून परवान्याला विघ्न येईल, ही भाचीची धास्ती मात्र बव्हंशी अनाठायी आहे. १८६७ च्या राज्यघटनेच्या मांडणीत व्यवसायांचे नियमन प्रांतांच्या वाट्याला आले, त्यामुळे आज अभियंत्यांना परवाना देणाऱ्या संस्था एक नव्हे, बारा आहेत. ‘इंजिनिअर्स कॅनडा’ हा त्या बारा संस्थांचा महासंघ असून तो स्वतः कोणालाही परवाना देत नाही. महासंघाच्या अधिस्वीकृती मंडळाकडे, म्हणजे अभ्यासक्रम तपासून त्यांना मान्यता देणाऱ्या मंडळाकडे, १९६५ पासून एक मोलाचे काम आहे: देशभरातील पदवी अभ्यासक्रम एकाच कसोटीवर पारखणे. या मंडळाने मान्य केलेली मॅकगिलची स्थापत्य पदवी अल्बर्टात कॅल्गरीच्या पदवीइतकीच ग्राह्य धरली जाते. येथे एक खुलासा आवश्यक आहे, कारण पुण्याहून बी. ई. होऊन टोरांटोत एम. इंग. करणारे विद्यार्थी याच ठिकाणी फसतात. मंडळ केवळ पदवीपूर्व अभ्यासक्रमांना मान्यता देते. वर कॅनडाची पदव्युत्तर पदवी असली तरी पुण्याच्या पदवीची स्वतंत्र छाननी होते आणि त्यात उणीव दिसल्यास तांत्रिक परीक्षा द्याव्या लागतात. त्या मानाने भाचीची वाट सरळ आहे.

अर्ज कोठे करावा, या प्रश्नाचे उत्तर शिक्षणाच्या ठिकाणावरून ठरत नाही, कामाच्या ठिकाणावरून ठरते. नोकरी कॅल्गरीत असल्यामुळे अर्ज अल्बर्टाच्या संघटनेकडे, म्हणजे जिला ‘अपेगा’ म्हणतात तिच्याकडेच जावा; अभियंत्यांसोबत भूवैज्ञानिकांची नोंदणीही हीच संस्था करते. पहिली पायरी ‘इंजिनिअर-इन-ट्रेनिंग’, म्हणजे ई. आय. टी. या नात्याने नोंद होण्याची. असा उमेदवार आरेखन करू शकतो, हिशेब मांडू शकतो, साइटवर जाऊ शकतो, पण नकाशावर शिक्का मारू शकत नाही. ती जबाबदारी ज्याच्या देखरेखीखाली तो काम करतो त्या परवानाधारकाची, म्हणजे ‘पी. एंज.’ची. ही नोंदणी पुढे ढकलण्याचा मोह अनेकांना होतो, कारण पगारात तिने लगेच फरक पडत नाही. परंतु नोंदणीमुळे नियमांशी आणि संस्थेशी संबंध लवकर जुळतो, आणि चार वर्षांनी कागद शोधत बसण्याची पाळी येत नाही.

पदवीच्या वेळी करंगळीत घातलेली लोखंडी अंगठी हा परवाना नव्हे, हेही येथेच सांगणे बरे. अंगठी घालण्याच्या विधीची संहिता रडयार्ड किपलिंग यांनी लिहिली आणि पहिला समारंभ १९२५ मध्ये माँट्रियललाच पार पडला. क्वेबेकचा पूल १९०७ मध्ये उभारणी चालू असताना कोसळून ७५ कामगार मृत्युमुखी पडले, त्या पुलाच्या लोखंडाची ही अंगठी असते अशी दंतकथा अजून सांगितली जाते. ती खरी नाही. अंगठी सदसद्विवेकाला उद्देशून असते, कायद्याला तिच्याशी कर्तव्य नाही.

खरी कसोटी अनुभवाची आहे, आणि तिथेच बहुतेकांचा वेळ वाया जातो. पी. एंज. होण्यासाठी साधारण चार वर्षांचा अभियांत्रिकी अनुभव लागतो, पण वर्षे मोजून भागत नाही. अल्बर्टात २२ क्षमतांची, म्हणजे अभियंत्याला प्रत्यक्ष करता यायला हव्यात अशा गोष्टींची, यादी आहे. प्रत्येक क्षमतेसाठी उमेदवाराने आपल्या कामातील एक प्रसंग लिहायचा असतो, त्यात परिस्थिती, केलेली कृती आणि निष्पत्ती सांगायची असते, आणि तो प्रसंग जवळून पाहिलेल्या व्यक्तीने त्याची पडताळणी करायची असते. ब्रिटिश कोलंबियात अशा क्षमता ३४ आहेत. भाची जलवाहिन्यांचे काम करते, तेव्हा उदाहरणही तेथलेच घ्यावे. ‘संघाने नव्या वसाहतीसाठी जलवाहिनीचे आरेखन केले’ हे वाक्य खरे असले तरी परीक्षकाच्या दृष्टीने रिकामे आहे. याउलट हा प्रसंग घ्यावा: नळ गोठणरेषेच्या खाली घालणे आवश्यक होते, म्हणजे हिवाळ्यात जमीन जेथवर गोठते त्या खोलीच्या खाली, परंतु वाटेत जुनी सांडपाण्याची वाहिनी आडवी आली. म्हणून नळ त्या टप्प्यात वर घेऊन त्यावर उष्णतारोधक फोमच्या पाट्या घालण्याचा पर्याय उमेदवाराने सुचवला, पाट्यांची जाडी व रुंदी स्वतः हिशेबाने काढली, वरिष्ठाने ती तपासली आणि कंत्राटदाराच्या नकाशात तसा बदल झाला, असे लिहिले तर कोणी काय केले हे लख्ख दिसते. विनयापोटी स्वतःचे काम सर्वांच्या नावावर मांडण्याची मराठी मध्यमवर्गीय सवय एरवी गोड आहे. या अर्जात ती सरळ नुकसान करते.

असे प्रसंग चार वर्षांनंतर आठवून लिहिता येत नाहीत. प्रत्येक महिन्याच्या अखेरीस वहीत प्रकल्प, अडचण, निर्णय आणि तपासणाऱ्याचे नाव यांची नोंद व्हावी. नोकरी बदलण्यापूर्वी, किंवा वरिष्ठ निवृत्त होण्यापूर्वी, त्या काळाची पडताळणी कोण करणार हे ठरवून घ्यावे. कंपनी सोडून तीन वर्षे लोटल्यावर जुन्या साहेबाचा पत्ता शोधणे हे मोठे कटकटीचे काम आहे.

परीक्षेबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. व्यावसायिक आचारसंहिता, करार, नुकसानभरपाईचा कायदा आणि संबंधित विषय यांवर राष्ट्रीय व्यवसायपरीक्षा होते. अडीच तासांत ११० बहुपर्यायी प्रश्न असे तिचे स्वरूप असून तांत्रिक विषयांशी तिचा संबंध नसतो. अपेगाच तिचे संचालन करते व क्वेबेक वगळता अन्यत्र तीच चालते. ती उमेदवारीच्या काळातच उरकून घ्यावी.

प्रांत बदलण्याची वेळ मात्र विचारपूर्वक निवडावी. १ जुलै २०१७ पासून लागू असलेल्या कॅनडांतर्गत मुक्त व्यापार कराराच्या सातव्या प्रकरणानुसार एका प्रांतात परवाना असलेल्या व्यावसायिकाला दुसऱ्या प्रांताने नव्याने शिक्षण, अनुभव किंवा परीक्षा यांची मोठी अट न घालता परवाना द्यायचा असतो. हे संरक्षण पूर्ण परवानाधारकासाठी आहे, उमेदवारासाठी नाही. तिसऱ्या वर्षी ओंटारिओत नोकरी मिळाली म्हणून उमेदवार अर्ध्यावर उठून गेला तर त्याचा अनुभव बुडत नाही, पण तो नव्या संस्थेच्या साच्यात पुन्हा मांडावा लागतो. तोच मनुष्य आधी अल्बर्टाचा पी. एंज. झाला तर ओंटारिओचा अर्ज बऱ्याच अंशी कागदोपत्री उरतो. वर्षभराने साधणारी संधी असेल तर वर्षभर थांबणे फायद्याचे. नाहीतर प्रपंचाच्या सोयीने निर्णय घ्यावा, परवाना थोडा उशिरा मिळेल इतकेच.

माँट्रियलला परतण्याचा विचार मनात असल्यास बाब निराळी आहे. क्वेबेकच्या १९७७ च्या फ्रेंच भाषा सनदेनुसार तेथील व्यावसायिक संस्थेला परवाना देताना अर्जदाराचे व्यवसायापुरते फ्रेंच ज्ञान पाहावे लागते, आणि वरील करार ही अट पुसून टाकत नाही. माध्यमिक किंवा त्यापुढचे किमान तीन वर्षे पूर्ण वेळ शिक्षण फ्रेंचमधून झालेल्यांना स्वतंत्र परीक्षा लागत नाही. मॅकगिलचे शिक्षण इंग्रजीतून झालेले असल्याने भाचीला ती सूट मिळणार नाही. म्हणजे ज्या शहरात पदवी मिळाली तेथेच परवाना मिळवणे तिला सर्वांत अवघड आहे. तो बेत पक्का असल्यास कॅल्गरीतील संध्याकाळचे फ्रेंचचे वर्ग येत्या हिवाळ्यापासूनच लावावेत, कारण तांत्रिक अहवाल वाचण्याइतकी भाषा यायला अर्जाच्या छाननीपेक्षा जास्त वेळ लागतो.