विहिरीचा जमाखर्च



कारखान्याचा ताळेबंद दरवर्षी सर्वसाधारण सभेत आपल्यापुढे मांडला जातो. कर्ज किती, शिल्लक किती, उचल किती दिली, हे आपण खोदून खोदून विचारतो, आणि विचारलेच पाहिजे. पण आणखी एक ताळेबंद आहे, तो कुठल्याच सभेत वाचला जात नाही. तो म्हणजे आपल्या पायाखालच्या पाण्याचा. या अंकात आपण तोच सोप्या भाषेत समजून घेऊ.

आपल्या जमिनीची घडण

आपला सारा भाग काळ्या पाषाणाचा. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली फुटलेला मांजऱ्या दगड आणि मग कठीण. वाळूच्या प्रदेशात पाणी दूरवर खोल साठते, तसे इथे साठत नाही. मुरमात आणि दगडाच्या फटींत जेवढी जागा, तेवढाच साठा. म्हणून जुनी माणसे विहीर पाडताना कठीण लागले की थांबत. झरा वरच्या थरात असतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

बोअरची गोष्ट निराळी. बोअर कठिणातल्या एखाद्या खोल फटीला जाऊन भिडते. त्या फटीतले पाणी वर्षानुवर्षे झिरपून साचलेले असते. पहिल्या उन्हाळ्यात तीन इंची धार पडते, आपण खूश होतो. दोन-तीन वर्षांत मोटार हवा ओढू लागते. मग शेजारी आणखी शंभर फूट खाली जातो, आणि त्याचे पाणी लागले की आपले जाते. यात नवे पाणी कुणी आणले नाही, एकाच रांजणाला दोन तोट्या लागल्या, एवढेच.

आता हिशेब करू

एक एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे सुमारे चार हजार लिटर पाणी पडले. बऱ्या वर्षी आपल्याकडे साडेसातशे मिलिमीटर पाऊस धरला, तर एकरी तीस लाख लिटर झाले. यातले बरेचसे उन्हाने उडते, पिके आणि गवत पितात, काही ओढ्याने तेरणेला जाते. आपल्या पाषाणात खाली मुरणारा वाटा साधारण दहावा धरा. म्हणजे विहिरीच्या खात्यावर दर एकरी जमा झाले तीन लाख लिटर.

आता खर्चाची बाजू. सरीने मोकाट पाणी दिले तर सुरू उसाला अडीचशे सेंटिमीटरच्या आसपास पाणी लागते, आडसालीला त्याहून पुष्कळ जास्त. सुरूचेच धरू. एकरी एक कोटी लिटर झाले. यातले वीस लाख पावसातून भागले असे समजा, उरले ऐंशी लाख. सरीतले काही पाणी पुन्हा जमिनीत मुरते, हे खरे. तो तिसरा हिस्सा वजा केला तरी त्रेपन्न लाख लिटर विहिरीतून कायमचे गेले.

जमा तीन लाख, खर्च त्रेपन्न लाख. म्हणजे नुसत्या विहिरीच्या पाण्यावरच्या एक एकर उसामागे सतरा-अठरा एकर रानाचे मुरलेले पाणी लागते. हा हिशेब ढोबळ आहे. रान उताराचे की सखल, ओढा जवळ की लांब, यावर आकडे मागेपुढे होतील. पण आकड्यांचा रोख बदलणार नाही. आपण आपल्या सातबाऱ्यातले पाणी वापरतो असे म्हणतो, आणि वापरतो मात्र सतरा जणांचे.

दोन दुष्काळ

१९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला ते सांगतात की खायला धान्य नव्हते, मिलोच्या भाकरी खाल्ल्या, खडी फोडली. पण कितीतरी गावांच्या आडाला प्यायपुरते पाणी होते. २०१२-१३ ला उलटे झाले. दुकानात धान्य होते, आणि माणसे टँकरच्या वाटेकडे डोळे लावून होती. पुढे एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ती गाडी आपल्या ढोकीच्याच रुळावरून गेली. पाऊस दोन्ही वेळा रुसला होता. मधल्या चाळीस वर्षांत बदलले ते आपले उपसणे.

ही तेरणा नदी आजची नव्हे. तिच्या काठचे आपले तेर म्हणजे जुने तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या टिपणात त्याचे नाव आहे, आणि इथले कापड भडोचच्या बंदराला जात असल्याची नोंद आहे. गोरोबाकाकांनी चिखल तुडवला तो याच काठच्या मातीचा. दोन हजार वर्षे या नदीने माणसे पोसली. तिने दिले तेवढ्यातच भागवायची त्यांची रीत होती. त्यांच्याकडे मोटारी नव्हत्या, हेही आपण प्रामाणिकपणे म्हणू. आपल्याकडे आहेत, म्हणून विचारही आपल्यालाच करायचा आहे.

मग ऊस सोडायचा का?

असे आम्ही म्हणणार नाही. ऊस नसेल तर कारखाना कसला? पण पाणी नसेल तर ऊस कसला, हेही तितकेच खरे. गव्हाण ओस पडली की काय होते, हे ढोकीच्या माणसाला पुस्तकातून शिकायला नको. मजुराच्या चुलीपासून बाजारच्या दिवसापर्यंत सगळे थंड पडते.

पुरंदर तालुक्यातल्या नायगावला १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीवर नव्हे तर माणशी वाटायचे, माणशी अर्ध्या एकराला, आणि त्या पाण्यावर ऊस घ्यायचा नाही, असा नियम होता. नगर जिल्ह्यातले हिवरे बाजार दरवर्षी पाऊस मोजून कोणते पीक किती घ्यायचे ते ग्रामसभेत ठरवते. आपण त्यांची तंतोतंत नक्कल करावी असे नाही. पण सगळ्यांनी मिळून मोजायचे आणि मिळून ठरवायचे, हे सहकारातच वाढलेल्या माणसांना जड जाऊ नये.

आपल्या हातातल्या गोष्टी

१. विहीर मोजा. ऑक्टोबरात एकदा आणि मेमध्ये एकदा दोरी सोडून पाण्याची पातळी वहीत लिहा. दिवाळीला पाणी किती आहे ते बघूनच लागणीचे क्षेत्र ठरवा.

२. ठिबक करा. पाणी निम्म्याच्या जवळपास वाचते. वरच्या हिशेबाने सतरा-अठरा एकरांचे काम दहा एकरांवर येते. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी एक एकर लागण केली, तर विहिरीच्या पदरात काहीच पडले नाही. आम्हीही हीच चूक केलेली आहे, म्हणून आवर्जून सांगतो.

३. पाचट पेटवू नका. एकरी तीन-चार टन पाचट निघते. खोडव्यात ते सरीत दाबले तर ओल टिकते, तण दबते आणि कुजून जमिनीला खत होते. काडी लावली की पाच मिनिटांत सगळे धूर.

४. स्टार्टर ऑटोवर टाकून घरी झोपू नका. रात्री लाईट आली की पाणी बांध फोडून ओढ्याला जाते. वाफसा बघून दारे धरा.

५. नाला-बांध, शेततळे यांतला गाळ उन्हाळ्यात काढा. जमेची बाजू वाढवायचा हाच मार्ग आहे.

६. सगळे रान उसाखाली घालू नका. तूर, हरभरा, ज्वारी यांचा फेर ठेवा. जमीनही विसावते आणि विहीरही.

बँकेचे कर्ज थकले तर मुदत वाढवून मिळते, कधी व्याजही माफ होते. जमिनीच्या पोटातल्या पाण्याचे कर्ज मात्र पावसाशिवाय कुणी फेडू शकत नाही. येत्या लागणीपूर्वी प्रत्येक सभासदाने आपल्या विहिरीचा जमाखर्च एका कागदावर मांडावा, घरातल्या सगळ्यांना तो वाचून दाखवावा, आणि मगच बेण्याची चौकशी करावी, ही विनंती.