घरीच शिकणाऱ्या मुलांच्या दहावी-बारावीचे काय?

शिक्षण हक्क कायद्यात घरच्या शिक्षणासाठी वेगळी तरतूद नाही, त्यामुळे शाळेबाहेर शिकणाऱ्या मुलांपुढे खरी अडचण प्रमाणपत्राची असते. शाळा मध्येच सोडलेल्यांना 17 नंबरचा फॉर्म भरून राज्य मंडळाची दहावी देता येते. मात्र त्यासाठी आधीच्या शाळेचे कागद लागतात. शाळेत कधीच न गेलेल्यांना एनआयओएस हे राष्ट्रीय मुक्त शिक्षण मंडळ सोयीचे: वय 14 पूर्ण हवे, विषय निवडता येतात.

बारावी मात्र टाळू नये. मुंबईत घरी शिकलेल्या मालविका जोशीला 2016 मध्ये अमेरिकेतील एमआयटीने संगणक ऑलिम्पियाडमधील पदकांच्या बळावर घेतले. आयआयटीचे दार बारावीअभावी बंदच राहिले. वैद्यकीय शाखेसाठीही बारावीचे विज्ञान विषय अनिवार्य आहेत.