केसांसह कातडे कमावणे : शेळी-मेंढीपालकांसाठी घरगुती पद्धत

शेळी-मेंढीपालन करणारा शेतकरी दूध, मांस, लोकर आणि लेंडीखत यांचा हिशोब ठेवतो. कातड्याचा हिशोब मात्र सहसा ठेवला जात नाही. जत्रा, लग्नकार्य अशा निमित्ताने गावात बोकड कापले जातात. बकरी ईदला तर एकाच दिवशी बरीच कातडी निघतात. त्यांपैकी काही खाटकामार्फत व्यापाऱ्याकडे जातात, काही कुंपणावर वाळत पडतात व उरलेली उकिरड्यावर जातात. काळ्याभोर उस्मानाबादी बोकडाचे किंवा दाट लोकरीच्या मेंढीचे कातडे केसांसह कमावले, तर त्याचे आसन, बैठकीचे आच्छादन अथवा भिंतीवरील शोभेची वस्तू तयार होते. त्यासाठी लागणारी तुरटी, मीठ व सोडा गावच्या बाजारात मिळतो.

हे काम घरी करून पाहणाऱ्या अनेकांचा समज असतो, की सगळे यश तुरटीच्या द्रावणात आहे. प्रत्यक्षात कातडे बिघडते ते बहुधा सोलल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत किंवा वाळताना शेवटच्या एक-दोन दिवसांत. म्हणून प्रस्तुत लेखात या दोन टप्प्यांची माहिती अधिक विस्ताराने दिली आहे.

कातडे का कुजते?

ताज्या कातड्यात निम्म्याहून अधिक पाणी असते. त्याचे तीन थर असतात. वर केस धरून ठेवणारी पातळ बाह्यत्वचा, मध्ये चिवट तंतूंची खरी त्वचा आणि खाली मांस-चरबीचा थर. यांपैकी कमावली जाते ती मधली खरी त्वचा. जनावर कापल्यानंतर रक्त, शेण व माती यांमधील जिवाणू कातड्यावर वाढू लागतात. उन्हाळ्यात दोन-तीन तासांतच कुजण्यास सुरुवात होते. प्रथम केसांची मुळे सैल होतात. बोटांनी चिमटीत धरून ओढल्यास केसांचा झुपका हातात आला, तर ते कातडे केसांसह कमावण्याच्या कामातून गेले असे समजावे. पुढे कोणतेही औषध वापरले तरी तेथील केस पुन्हा पक्के होत नाहीत.

नेहमीच्या चामड्यासाठी कातडे चुन्याच्या निवळीत ठेवून मुद्दाम केस काढतात व नंतर बाभळीची साल, हिरडा अशा तुरट पदार्थांत ते मुरवितात. कोल्हापुरी चपलेचे चामडे परंपरेने असेच तयार होते. आपल्याला केस राखावयाचे असल्याने चुना कोणत्याही टप्प्यावर वापरू नये. साल व हिरडा यांनी केसांना तपकिरी डाग पडतात, म्हणून येथे तुरटीची पद्धत दिली आहे.

कोणते कातडे घ्यावे?

निरोगी व नुकत्याच कापलेल्या शेळी-मेंढीचे कातडे घ्यावे. गोचीड, खरूज किंवा देवी रोग यांनी पडलेले व्रण कमावल्यानंतर अधिक उठून दिसतात. त्यामुळे गोठ्यातील कीडनियंत्रण ही चांगल्या कातड्याची पहिली पायरी आहे.

अचानक मेलेल्या जनावराचे कातडे कधीही काढू नये. फाशी या रोगाने, ज्याला अँथ्रॅक्स असेही म्हणतात, जनावर एकाएकी मरते, पोट लवकर फुगते आणि नाका-तोंडातून व गुदद्वारातून काळपट, न गोठणारे रक्त येते. अशा जनावराला सुरीही लावू नये. या रोगाचे बीजाणू मिठाने किंवा तुरटीने मरत नाहीत, जमिनीत अनेक वर्षे टिकतात आणि माणसालाही रोग देतात. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवून त्यांच्या सल्ल्यानेच विल्हेवाट लावावी.

कायद्याचीही जाणीव असावी. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार हरीण, ससा यांसारख्या वन्य प्राण्यांचे कातडे बाळगणेसुद्धा गुन्हा ठरू शकते. महाराष्ट्रात गाय, तसेच २०१५ पासून बैल व वळू यांच्या कत्तलीस बंदी आहे. म्हणून या लेखातील माहिती केवळ शेळी व मेंढीपुरती आहे.

सोलताना घ्यावयाची काळजी

जनावर मागच्या पायांवर टांगावे. हनुवटीखालून शेपटीपर्यंत पोटाच्या मधोमध एकच सरळ चीर द्यावी व पायांच्या आतील बाजूने तिला मिळणाऱ्या चिरा द्याव्यात. त्यानंतर सुरी बाजूला ठेवून मूठ कातडे आणि मांस यांच्यामध्ये घालून दाबत न्यावी. शेळीचे कातडे अशा प्रकारे बरेचसे हातानेच सुटते. घाईत सुरीचा एक काप लागला, तर तो ताणताना फाटत जातो. काढलेले कातडे मातीवर न टाकता स्वच्छ फळीवर पसरावे, रक्त धुवून काढावे व पाणी निथळू द्यावे.

मीठ लावणे : सर्वांत महत्त्वाचा टप्पा

लगेच कमवावयास घ्यावयाचे नसेल, तर सोलल्यापासून एक-दोन तासांच्या आत मीठ लावावे. कातड्याच्या वजनाच्या निम्मे मीठ घ्यावे. उदाहरणार्थ, दोन किलोच्या कातड्यास एक किलो. स्वस्त जाडे मीठ चालते, परंतु ते बारीक करून घ्यावे. मांसाकडील बाजू वर करून मीठ हाताने चोळावे. मान, पायांच्या कडा आणि शेपटीचा भाग सहसा सुटतो व नेमका तेथूनच कुजण्यास प्रारंभ होतो. नंतर मांसाकडील बाजू आत घेऊन कातडे दुमडावे व उतरत्या फळीवर सावलीत ठेवावे, म्हणजे सुटलेले पाणी वाहून जाईल. दुसऱ्या दिवशी ओले मीठ झटकून निम्म्या प्रमाणात नवे मीठ लावावे. असे कातडे थंड जागी काही आठवडे टिकते. एकदा वापरलेले मीठ पुन्हा वापरू नये, कारण त्यात जिवाणू असतात.

खुंट्या मारून ताजे कातडे उन्हात वाळविण्याची पद्धत सोयीची वाटते, परंतु केसाळ कातड्यासाठी ती घातक आहे. कडक उन्हात वरचा भाग लवकर वाळून कडक होतो व आतील ओलावा कोंडून राहतो. बाहेरून कोरडे दिसणारे कातडे आतून कुजत असते आणि पाण्यात भिजविल्यावर केसांचे पुंजके सुटू लागतात.

भिजविणे व खरवडणे

मिठाचे कातडे थंड पाण्यात चार ते सहा तास भिजवावे व पाणी दोन-तीन वेळा बदलावे. उन्हाळ्यात रात्रभर भिजत ठेवू नये. कातडे ताज्यासारखे लवचीक झाले की गुळगुळीत ओंडक्यावर, मांसाकडील बाजू वर करून पसरावे आणि बोथट सुरीने मांस, चरबी व वरील पातळ पापुद्रा खरवडून काढावा. जेथे चरबी राहील तेथे तुरटी आत शिरत नाही. मात्र फार जोर करू नये. खोल खरवडल्यास केसांची मुळे उघडी पडतात. त्यानंतर कोमट पाण्यात रिठा किंवा सौम्य साबण घेऊन केस धुवावेत. लोकरीत नैसर्गिक मेण भरपूर असल्याने मेंढीचे कातडे दोन वेळा धुवावे. गरम पाणी वापरू नये. त्याने कातडे आक्रसते.

तुरटीचे द्रावण

शेळीच्या एका मध्यम कातड्यासाठी पुढील प्रमाण घ्यावे.

१) स्वच्छ पांढरी तुरटी ५०० ग्रॅम, ४ लिटर पाण्यात. तुरटी प्रथम थोड्या गरम पाण्यात विरघळवावी व नंतर उरलेले थंड पाणी घालावे.
२) मीठ २५० ग्रॅम आणि धुण्याच्या सोड्याचे खडे १२० ग्रॅम, वेगळ्या भांड्यात २ लिटर पाण्यात. सोडा खड्यांऐवजी कोरड्या भुकटीच्या रूपात असेल तर ४५ ग्रॅम पुरे.

सोड्याचे पाणी तुरटीच्या पाण्यात अगदी बारीक धारेने ओतावे व सतत ढवळत राहावे. फेस येतो, म्हणून भांडे मोठे घ्यावे. सोडा एकदम ओतल्यास पांढरा साका बसतो. तो कातड्यात शिरत नाही व तुरटी वाया जाते. येथे मिठाचे कामही महत्त्वाचे आहे. तुरटीचे पाणी आंबट असते. मीठ नसेल तर त्यात कातडे फुगते आणि वाळल्यावर सरसासारखे कडक होते.

भांडे प्लॅस्टिकचे किंवा लाकडी घ्यावे. लोखंडी भांड्याने डाग पडतात. जस्ताचा मुलामा असलेली व ॲल्युमिनियमची भांडीही टाळावीत.

कातडे मुरविणे

द्रावण पूर्ण थंड झाल्यावर कातडे त्यात बुडवावे व स्वच्छ दगड ठेवून ते वर येऊ देऊ नये. दिवसातून दोन-तीन वेळा हलवावे, घडीची जागा बदलावी. शेळीच्या कातड्यास तीन ते पाच दिवस लागतात. थंडीत अधिक वेळ द्यावा.

कातडे तयार झाले का, हे पाहण्यासाठी मानेकडील जाड भागाची कड थोडी कापावी. काप आरपार सारखा पांढरा दिसला पाहिजे. मध्ये पारदर्शक, कच्ची रेघ असल्यास आणखी एक-दोन दिवस ठेवावे. कातडे चौपदरी दुमडून घट्ट दाबल्यावर घडीवर पांढरी रेघ उमटून राहिली, तर तेही तयार झाल्याचे लक्षण आहे.

दाट लोकरीच्या मेंढीसाठी लेपाची पद्धत सोयीची पडते. वरील द्रावणात मैदा कालवून दाटसर लेप करावा. कातडे मांसाकडील बाजू वर करून फळीवर पसरावे आणि सुमारे तीन मिलिमीटर जाडीचा लेप देऊन वर ओले फडके झाकावे. दुसऱ्या दिवशी लेप खरवडून नवा द्यावा. असे तीन लेप द्यावेत व शेवटचा तीन-चार दिवस ठेवावा. यात लोकर फारशी भिजत नाही व वाळविणे सोपे जाते.

तेल देणे व मऊ करणे

तयार कातडे स्वच्छ पाण्यातून एकदा झटपट बुचकळून काढावे. जास्त धुतल्यास तुरटी निघून जाते. अजिबात न धुतल्यास वरचे मीठ पावसाळ्यात ओल धरते. पाणी निथळल्यावर मांसाकडील बाजूस एक भाग टर्की रेड तेल व तीन भाग कोमट पाणी यांचे मिश्रण चोळावे. हे तेल एरंडेलापासून बनते व पाण्यात मिसळते. जवस व करडई यांची तेले वाळून चिकट होतात, म्हणून ती वापरू नयेत.

यानंतर कातडे सावलीत, वाऱ्यावर टांगावे आणि त्यावर लक्ष ठेवावे. पूर्ण वाळू दिले तर त्याचा पत्रा होतो. कारण ओले तंतू वाळताना एकमेकांना चिकटतात. ते चिकटण्याच्या वेळीच कातडे ताणत राहणे, हाच मऊपणाचा एकमेव उपाय आहे. कातडे अर्धवट वाळून दुमडल्यावर पांढरट दिसू लागले, की दोघांनी दोन्ही टोके धरून फळीच्या गुळगुळीत कडेवरून मांसाकडील बाजू पुढे-मागे ओढावी. सर्व दिशांनी ताणावे, थोडा वेळ वाळू द्यावे व पुन्हा ओढावे. कातडे पूर्ण कोरडे होईपर्यंत हे चालू ठेवावे. त्यास एक-दोन दिवस लागतात. इतके करूनही एखादा भाग कडक राहिल्यास तेवढ्याच भागावर ओले फडके ठेवून तो पुन्हा ताणावा.

शेवटी मांसाकडील बाजू बारीक पॉलिश पेपरने घासावी. केसांवर लाकडाचा कोरडा भुसा चोळून झटकावा, म्हणजे उरलेली चिकटी निघते. नंतर केस विंचरावेत.

नेहमी आढळणारे दोष

केस सुटणे – मीठ उशिरा लावले, उन्हात वाळविले किंवा जास्त वेळ भिजविले.
कातडे कडक होणे – वाळताना ताणले नाही, पापुद्रा राहिला किंवा द्रावणात मीठ कमी पडले.
ठिकठिकाणी कच्चे राहणे – चरबी राहिली अथवा घडीत द्रावण पोचले नाही.
दुर्गंधी येणे – कातडे आधीच कुजले होते. असे कातडे टाकून द्यावे.

सांडपाणी व आरोग्य

काम करताना रबरी हातमोजे घालावेत व हाताला जखम असल्यास हे काम करू नये. मिठाचे व तुरटीचे पाणी पिकात, विहिरीजवळ किंवा ओढ्यात सोडू नये. मिठाने जमीन खराब होते. जेथे काही पिकवावयाचे नाही अशा, पाण्याच्या स्रोतापासून दूरच्या मुरमाड जागी ते ओतावे. खरवडलेले मांस खोल पुरावे, म्हणजे कुत्री उकरणार नाहीत. कारखान्यात वापरले जाणारे क्रोमचे क्षार घरी वापरू नयेत. त्यांचे सांडपाणी शेतावर हाताळण्यासारखे नसते.

मर्यादा ओळखाव्यात

तुरटीने कमावलेले कातडे पांढरे व मऊ होते, परंतु पाण्याला टिकत नाही. वारंवार भिजल्यास तुरटी निघून जाते व कातडे पुन्हा कच्च्यासारखे होते. म्हणून अशा वस्तू विकताना, धुवू नये, फक्त झटकून उन्हाबाहेर वाऱ्यावर ठेवावी, असे ग्राहकास स्पष्ट सांगावे. साठविताना कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या ठेवाव्यात.

या कामाची सुरुवात एकाच कातड्यापासून करावी. तुरटी, मीठ, तेल आणि विशेषतः स्वतःच्या मजुरीचे तास वहीत लिहावेत. कारण सामान स्वस्त असले तरी ताणण्यास लागणारा वेळ मोठा असतो. त्या भागात ग्राहक मिळतो का, हे पाहूनच संख्या वाढवावी. ज्यांना कमावणे जमणार नाही त्यांनीही निदान वेळेवर मीठ लावण्याची सवय ठेवावी. मिठाने राखलेले, काप नसलेले कातडे व्यापाऱ्यालाही उपयोगी पडते, कुजलेले कोणालाच नाही. या विषयातील अधिक शास्त्रीय मार्गदर्शनासाठी चेन्नई येथील केंद्रीय चर्म संशोधन संस्था ही १९४८ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय संस्था आहे. स्थानिक चौकशी जवळच्या कृषि विज्ञान केंद्रात करावी.

थोडक्यात, निरोगी जनावराचे कातडे घ्यावे, मुठीने सोलावे, दोन तासांच्या आत मीठ लावावे, चरबी पूर्ण काढावी, द्रावण सावकाश मिसळावे आणि कातडे कोरडे होईपर्यंत ताणण्याचे काम सोडू नये.